पाहुण्यांची जबाबदारी

सुगी उरकली, थंडी पडली, की आपल्या भागात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशी गावं आपापल्या मंडपात लेखक-कवींना बोलावतात. ग्रंथदिंडी निघते, लेझीम खेळतं, दारोदारी सडा-रांगोळी होते आणि अख्खं गाव जेवायला बसतं. या सगळ्याची कामं आधी वाटून घेतलेली असतात. मंडप तरुण मंडळाकडे, स्वयंपाक जाणत्या मंडळींकडे, दिंडी शाळेकडे. उरतात पाहुणे. "सर, तुम्ही चार पुस्तकं वाचलेली, पाहुणे तुमच्याकडे," असं म्हणून आमच्या समितीने ते काम माझ्या गळ्यात घातलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

हे काम फोनपासून सुरू होतं. भाषणाचा विषय काय, हे सगळेच विचारतात. मी आधी विचारतो, साखर आहे का, गुडघे कसे आहेत, खाली मांडी घालून बसता येतं का, रात्री उठावं लागतं का. मग खोली ठरते. पुण्याहून येणाऱ्याला आदल्या संध्याकाळीच बोलवायचं, कारण साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून आलेला माणूस लगेच व्यासपीठावर चढला तर त्याच्याकडून जांभयाच ऐकायला मिळतात. कोल्हापूरचा पाहुणा सकाळी निघाला तरी चालतं. भाषणाआधी अर्धा तास त्याला एकट्याला सोडायचं. तेवढ्या वेळात गावातले चार कवी वह्या घेऊन दारात उभे असतात, त्यांना चहा पाजून थोपवणं हेही आमचंच काम.

सत्काराचं वेगळंच. शाल ठीक आहे, पण पाच संस्थांचे पाच नारळ घेऊन रेल्वेत कोण चढणार? ते यजमानांच्या स्वयंपाकघरात राहतात. मानधनाचं पाकीट आणि गाडीभाडं व्यासपीठावर द्यायचं नाही. पाहुणा निघण्याआधी, बाजूला नेऊन, हातात द्यायचं. पट्टी काढून जमवलेले पैसे असतात. देणाऱ्याला संकोच नको आणि घेणाऱ्यालाही नको.

एवढं सगळं पार पडतं. अवघड असतो तो गाडीतला प्रश्न. निपाणी ओलांडली, पाट्या कन्नडमध्ये दिसू लागल्या, की पाहुणे हमखास विचारतात, "इथं मराठीची परिस्थिती कशी आहे हो?" काहीजण तर उत्तर बरोबर लिहूनच आणतात. त्यात त्यांचा दोष नाही. 1946 साली बेळगावच्या संमेलनात माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे त्यांनी वाचलेलं असतं. आपल्या घराघरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यापायी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला, हेही खरं. पण या प्रश्नाचं उत्तर मी गाडीत देत नाही. पाहुण्याला ज्या घरी उतरवायचं, ते घर निवडताना मी ते देऊन ठेवलेलं असतं.

एका वर्षी पुण्याचे एक नावाजलेले कथाकार आले होते. त्यांची सोय केली ती अशा घरी, जिथली सून बैलहोंगलकडची. रात्री पानं मांडली. जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी आणि सुनेच्या माहेरची शेंगाहोळगी. ती वाढायला आली, सासूला म्हणाली, "अत्ती, इन्न स्वल्प हाक्ली?" सासू मराठीत म्हणाली, "मला नको, पाहुण्यास्नी वाढ." नातू आईशी कन्नडात, आजीशी मराठीत बोलत होता आणि गृहपाठाची वही होती इंग्रजीची. मी पाहुण्यांना 'साकु' एवढा एकच शब्द शिकवला होता. तो त्यांनी वापरला, तशी सून हसली आणि आणखी एक होळगी वाढून गेली.

पाहुण्यांनी न राहवून आजींना विचारलं, "घरात भाषेवरून भांडण होत नाही?"

"भांडण होतंय की! पण ते मिठावरनं होतंय."

जेवणानंतर अंगणात बसलो. मी त्यांना 1929 सालाची गोष्ट सांगितली. त्या एका वर्षात आपल्या बेळगावात मराठी साहित्य संमेलनही भरलं आणि कन्नड साहित्य संमेलनही. मराठीचे अध्यक्ष शिवराम महादेव परांजपे, कन्नडचे मास्ती वेंकटेश अय्यंगार. धारवाडचे बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कविता कन्नडात लिहीत, हेही बोलण्यात आलं. ते बराच वेळ गप्प होते. मग खिशातून भाषणाचे कागद काढले आणि त्यातलं एक वाक्य मला वाचून दाखवलं. कन्नड माणसाविषयी होतं. टाळी हमखास पडली असती. "हे म्हणू का उद्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सर, सूनबाई उद्या बायकांच्या बाजूला, पुढंच बसणार आहेत. त्यांना मराठी लिहिता येत नाही, पण समजतं सगळं."

दुसऱ्या दिवशी ते चांगले पाऊण तास बोलले. मराठी शाळांतली पटसंख्या घटते आहे, त्यावर बोलले. भाषिक अल्पसंख्याकांना मिळायला हवीत ती परिपत्रकं, सात-बारा, अर्ज मराठीत मिळत नाहीत, त्यावर कडक बोलले. "तुमची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत आहेत?" असंही विचारलं, तेव्हा मंडपात शांतता पसरली. ते एक वाक्य मात्र आलं नाही. दुपारी त्यांनी कथा सांगितली, तेव्हा सूनबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

संध्याकाळी समितीतले एक जण माझ्यावर नाराज झाले. "यंदा पाहुणे थंड बोलले, सर." ते का म्हणाले, हे मला कळतं. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, माणसं वाट पाहून थकली आहेत. वर्षातून एकदा कुणीतरी आपल्या बाजूने मोठ्याने बोलावं, असं वाटणारच. पण पाहुणा संध्याकाळी गाडीत बसून जातो. त्याच्या वाक्यासोबत राहायचं असतं ते गावाला. सोमवारी सकाळी त्याच विहिरीवर, त्याच दूधडेरीत, त्याच चुलीपुढं. मराठीचा हक्क मागायला आपल्याला आवाज हवाच. तो आपल्याच घरातल्या माणसाला खाली मान घालायला लावणारा नको.

आता गावातली पोरं हे काम शिकून घेताहेत. त्यांना मी एक यादी करून दिली आहे. औषधं, गरम पाणी, गाडीची वेळ, पाकीट, सगळं तीत आहे. पण सगळ्यात वर लिहिलंय ते हे: पाहुण्याला आदल्या रात्री कुणाच्या घरी जेवायला बसवायचं, ते आधी ठरवा.