घरातली दोन पासबुके

आमच्या घरातील लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात दोन पासबुके एकावर एक ठेवलेली असत. एक आमचे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेची जी मुदत ठेव आम्ही केली होती, तिच्या व्याजाची नोंद त्यात होई. दुसरे आमच्या धाकट्या चिरंजीवांचे. त्यातून दरमहा कर्जाचा हप्ता वजा होई. दोन्ही एकाच बँकेची. वर्षानुवर्षे ती शेजारी शेजारी नांदली. परंतु त्यांचे एकमेकांशी काही नाते असेल, असे आमच्या मनात कधी आले नव्हते. 2020 सालच्या उन्हाळ्याने ते नाते आम्हांला दाखवून दिले.

आम्ही मूळचे वसईचे. नोकरीच्या निमित्ताने 1984 साली वर्ध्यास आलो आणि इथलेच झालो. धाकट्याने शिक्षण संपवून लग्नपत्रिका आणि फलक छापण्याचा लहानसा छापखाना घातला व त्यासाठी 2018 साली बँकेकडून कर्ज घेतले. वैशाख हा त्याच्या धंद्याचा सुगीचा काळ. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली. लग्ने लांबणीवर पडली आणि छापून तयार असलेल्या पत्रिकांचे गठ्ठे दुकानातच राहिले. यंत्र झाकून ठेवून मुलगा घरी बसला. तो बोलेनासा झाला. जेवताना ताटातून मान वर करीनासा झाला.

त्याच सुमारास वृत्तपत्रांत रिझर्व्ह बँकेच्या बातम्या येऊ लागल्या. 27 मार्चला रेपो दर 4.40 टक्क्यांवर आणला गेला आणि 22 मे रोजी तो 4 टक्के झाला. बँकांना तात्पुरती रक्कम लागली की रिझर्व्ह बँक ज्या दराने ती देते, तो रेपो दर. मंदीच्या काळात तो उतरवण्यामागचा विचार सरळ आहे. बँकांना पैसा स्वस्त मिळाला, तर त्या कर्ज स्वस्त देतील. कर्ज स्वस्त झाले, तर कारखानदार, दुकानदार, शेतकरी हातपाय हलवतील, आणि थिजलेला व्यवहार पुन्हा वाहू लागेल. शिवाय कर्जाचे हप्ते प्रथम तीन महिने, आणि पुढे मुदत वाढवून 31 ऑगस्टपर्यंत, थांबवण्याची मुभा दिली गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, सहा महिने तरी श्वास घेता येईल." आम्हांलाही हायसे वाटले.

जूनमध्ये आमच्या ठेवीची मुदत संपली. नूतनीकरणाला गेलो, तेव्हा काऊंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितले की आता दर साडेपाच टक्के आहे. काही वर्षांपूर्वी याच ठेवीवर नऊच्या आसपास व्याज मिळत असे. रिझर्व्ह बँकेने सोडलेली लाट आमच्या पासबुकापर्यंत पोहोचली होती. मात्र ती आमचे उत्पन्न घेऊन गेली होती. मनात म्हटले, असू दे. बापाचे कमी झाले, तर लेकाचे ओझे हलके होईल. घरी येऊन त्याचे पासबुक उघडले. कर्जाचा दर जिथल्या तिथे होता, बारा टक्के. चौकशी करता कळले की लहान उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडण्याचा नियम 1 ऑक्टोबर 2019 पासूनचा. त्याआधीच्या कर्जांना तो आपोआप लागू नाही.

सेलू तालुक्यातील बोर धरणाचे पाणी ज्यांनी शेताला घेतले आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. धरणाचे दार उघडले, म्हणजे टेलच्या शेतात पाणी आले असे होत नाही. कालवा, वितरिका, पाटचारी असा त्याचा प्रवास. वाटेत कुठे गाळ साचलेला, कुठे चर फुटलेला. वरच्याचे भिजून होईपर्यंत खालच्याचे पीक वाळते. धरणावर बसलेला माणूस खोटे बोलत नाही, त्याने दार उघडलेलेच असते. आणि टेलचा शेतकरीही खोटे बोलत नाही.

सहा महिने हप्ता थांबला. व्याज थांबले नाही. मुलाच्या नावावर पाच लाख रुपये बाकी होते. बारा टक्क्यांनी दरमहा पाच हजार व्याज. सहा महिन्यांचे तीस हजार. थकलेले व्याज मुद्दलात मिळून त्यावर पुन्हा व्याज चढले, ते सुमारे साडेसातशे रुपये. ऑक्टोबरात केंद्र सरकारने जाहीर केले की दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरील हे व्याजावरचे व्याज सरकार स्वतः भरील. त्याप्रमाणे दिवाळीपूर्वी मुलाच्या खात्यात 760 रुपये जमा झाले. नोंद वाचून तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला, पण ते हसू आम्हांला बघवले नाही.

हे आम्ही तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. त्या वर्षी कोणत्याही सरकारपुढे सोपा मार्ग नव्हता आणि देशभरच्या अशा सातशे-सातशे रुपयांची बेरीज हजारो कोटींच्या घरात जाते, हे आम्ही जाणतो. परंतु वरून पाहिलेली बेरीज आणि खालून पाहिलेली नोंद यांत जे अंतर आहे, त्याचा विचार आमच्या डोक्यातून जाईना.

टाळेबंदी उठल्यावर आम्ही संध्याकाळी मगनवाडीच्या बाजूने फिरायला जाऊ लागलो. सेवाग्रामला राहायला जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्काम येथे होता. डिसेंबर 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम येथूनच चाले आणि ते चालवणारे जे. सी. कुमारप्पा हे आपल्यापैकी, म्हणजे ख्रिस्ती होते, हे आपल्या धर्मग्रामांतून फारसे सांगितले जात नाही. 1892 साली तंजावरला जन्मलेला हा तमिळ गृहस्थ लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहार शिकला, मुंबईतला चांगला चाललेला व्यवसाय सोडून 1929 साली गांधीजींकडे आला आणि पुढे वर्ध्यात घाणी, चरखा, हातकागद यांच्यामध्ये रमला.

ते वर्ध्यात आले तेव्हा जग महामंदीच्या विळख्यात होते. ऑक्टोबर 1929 मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि त्याचा धक्का हिंगणघाटच्या कापूस बाजारापर्यंत आला. कापसाचा भाव निम्म्यावर घसरला. सावकाराचे कर्ज आणि सरकारचा सारा मात्र रुपयांत ठरलेला. तो घसरला नाही. म्हणजे एक गाडी कापूस विकून जे फिटले असते, त्याला दोन गाड्या लागू लागल्या. कर्ज न वाढताच दुप्पट झाले. रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्सांवर बांधून ठेवण्याचा सरकारचा आग्रह होता आणि त्यासाठी बाजारात चलन आखडते ठेवले जाई. सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले, सोने रुपयांत महागले आणि अडलेल्या घरांतून ते बाहेर पडू लागले.

आम्ही नव्याने वर्ध्यास आलो, तेव्हा शेजारी एक वयोवृद्ध आजी राहत. त्यांच्या सासरची शेती सेलूकडे होती. सासूबाईंच्या पाटल्या आणि गोठ त्या काळात कसे मोडले गेले, हे त्या सांगत आणि शेवटी म्हणत, "सोनं गेलं जी बाप्पा, पन कापसाले भाव नाही आला." ते सोने मुंबईच्या गोदीतून लंडनला गेले असणार, हे त्या माउलीस ठाऊक नव्हते. आम्हांलाही त्या वेळी ठाऊक नव्हते.

त्या मंदीत मध्य प्रांताने एक निराळे पाऊल टाकले. 1933 साली कर्ज सलोख्याचा कायदा करून धनको आणि ऋणको यांना एका मंडळापुढे समोरासमोर बसवायचे, किती कर्ज खरोखर फिटण्यासारखे आहे ते पाहायचे, रक्कम तडजोडीने कमी करायची आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी ती योजना होती. देशातील या तऱ्हेच्या कायद्यांत तो पहिला. त्यानंतर 1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिच्या कायद्यात शेतीकर्जासाठी स्वतंत्र खाते ठेवण्याचे कलम होते. म्हणजे टेलच्या शेतकऱ्याची आठवण जन्मतःच तिच्या पत्रिकेत लिहिलेली होती.

मग दुसरे महायुद्ध आले. ब्रिटिश सरकार हिंदुस्थानातून धान्य, कापड, सामान उचली. त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या कागदांत जमा होई आणि त्या कागदांच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा काढी. कायद्यानेच तसे बांधून टाकले होते. 1939 साली सुमारे 180 कोटींच्या नोटा चलनात होत्या. 1945 पर्यंत त्या अकराशे कोटींच्या पुढे गेल्या. माल गेला, नोटा उरल्या आणि भाव भडकले. ज्याच्या हाती केवळ मजुरी, त्याच्या ताटातले अन्न असे न दिसता उचलले गेले. कुमारप्पांनी यावर इंग्रजीत लेख लिहिला. त्याचे शीर्षक त्यांनी शुभवर्तमानातून घेतले: भाकरीऐवजी धोंडा. लेकराने भाकर मागितली असता कोणता बाप त्याच्या हाती धोंडा देईल, हा प्रभूचा प्रश्न त्यांनी चलनी नोटेला विचारला. त्या लेखाबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. तुरुंगातच त्यांनी येशूच्या शिकवणुकीवरचे आपले पुस्तक लिहिले.

रिझर्व्ह बँकेतील माणसे निष्ठुर होती, असे मात्र नव्हे. 1943 च्या ऑगस्टात तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख हे मध्य प्रांताच्याच सनदी सेवेतले. या मातीची त्यांना ओळख होती. आणि स्वातंत्र्यानंतर धरणही आपले झाले, दारावरचा माणूसही आपला झाला. तरी पाटचारीचा प्रश्न राहिलाच. 2008 साली जगभर मंदी आली, तेव्हा त्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत रेपो दर 9 वरून 4.75 टक्क्यांवर उतरवला गेला. पण शेतकऱ्याला स्वस्त कर्ज मिळायचे ते राज्य सहकारी बँक, जिल्हा बँक आणि गावची सोसायटी या तीन पायऱ्यांनी. त्यांतली मधली पायरीच आमच्या जिल्ह्यात खचत गेली. देशातील ज्या 23 जिल्हा सहकारी बँका परवान्यावाचून राहिल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या तीन होत्या: नागपूर, बुलढाणा आणि वर्धा. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्र, राज्ये आणि नाबार्ड यांनी मिळून सुमारे 2,375 कोटींची योजना त्यांच्यासाठी केली आणि पुढे वर्ध्याच्या बँकेला परवाना मिळाला. परंतु पेरणी परवान्यासाठी थांबत नाही. मधल्या वर्षांत ज्यांना मृगापूर्वी पैसा हवा होता, ते कोणाच्या ओट्यावर गेले असतील, हे विदर्भात कोणाला सांगायला नको.

एका संध्याकाळी मगनवाडीवरून परतताना आमच्या ध्यानात आले की आपण रिझर्व्ह बँकेचा, सरकारचा, सगळ्यांचा हिशेब मांडीत आहोत, केवळ आपला सोडून. आमच्या ठेवीवर साडेपाच टक्के मिळत होते. आमचा मुलगा त्याच बँकेला बारा टक्के देत होता. मधल्या साडेसहा टक्क्यांत बँकेचा खर्च असतो, बुडीत कर्जांची तरतूद असते, हे मान्य. परंतु आमच्याच घरातून गेलेला पैसा दुप्पट महाग होऊन आमच्याच घरात परत येत होता आणि हे जूनमध्ये उघड दिसत असतानाही आम्ही ठेवीचे नूतनीकरण करून आलो होतो. का? भीतीने. साथीचे दिवस, इस्पितळाचा खर्च कोणी पाहिला? आणि थोडे अहंकारानेही. मुलाने मागितले नाही, मग आपण का द्यावे? मुलगा मागत नव्हता, कारण मागण्याची त्याला लाज वाटत होती. धोंडा काही आम्ही दिला नव्हता. पण मूठही उघडली नव्हती.

त्या रात्री स्वयंपाकघरात 1933 च्या कायद्यातले ते मंडळ भरले. धनको आम्ही, ऋणको चिरंजीव आणि पंच म्हणून आमची सौभाग्यवती. मुलगा नको नको म्हणाला. त्याच्या आईने दोन्ही पासबुके टेबलावर ठेवली व म्हणाली, "तुम्ही दोघे भिंतीच्या दोन बाजूंनी एकच घर सांभाळता आहात." दुखण्याखुपण्यासाठी काही रक्कम बाजूस ठेवून तीन लाखांची ठेव मुदतीपूर्वी मोडली. थोडा दंड बसला. आम्हांला वर्षाला साडेसोळा हजारांचे व्याज सोडावे लागले; मुलाचे छत्तीस हजारांचे वाचले. अर्थशास्त्र एवढेच.

आमच्या वसईत 1918 साली, युद्ध आणि साथीच्या वर्षात, चर्चच्या सावलीत कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली, तिच्या मुळाशी हेच साधे शहाणपण असावे. मिस्सेला एकाच बाकावर ठेवीदार बसतो आणि कर्जदारही बसतो. शांतीचे चिन्ह म्हणून दोघे हात जोडतात. दर उतरले की एकाचे कमी होते, चढले की दुसऱ्याचे जास्त जाते, आणि हे ते एकमेकांना सांगत नाहीत. देशाचा रेपो दर ठरवणे आपल्या हाती नाही. कालव्याचा शेवटचा फर्लांग मात्र बहुधा आपल्याच शिवारातून जातो. तिथला गाळ काढायला मुंबईहून कोणी येणार नाही.

छापखाना पुन्हा सुरू झाला आहे. धंदा पूर्वीइतका नाही. पत्रिका आता पुष्कळ जण मोबाईलवरच पाठवतात. तरी दर महिन्याच्या पाच तारखेला मुलगा आईच्या हाती ठरलेली रक्कम ठेवतो. त्या कपाटात आता दोन पासबुकांखाली एक साधी शाळकरी वही असते. तिच्यात तारीख, रक्कम आणि आईची सही. व्याजाचा रकाना तिने आखलेला नाही.