भायखळ्याचे घोडामैदान

मुंबईतल्या घोड्यांच्या शर्यती महालक्ष्मीला गेल्या त्याआधी सुमारे ऐंशी वर्षे त्या भायखळ्याला होत होत्या. आग्रीपाडा, नागपाडा आणि मुंबई सेंट्रल यांच्या दाटीत आज जी जमीन हरवली आहे, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोकळे, सपाट पटांगण होते. कोटातले साहेबलोक घोडागाडीतून तिथवर येत, कारण भायखळा तेव्हा गावाबाहेर होता.

हे पटांगण आयते मिळालेले नव्हते. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडीतून भरतीचे पाणी बेटाच्या पोटात शिरे आणि मधला सगळा सखल भाग खाजण होऊन जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबीच्या बांधाने ती खिंड बुजवली आणि खाजण हळूहळू सुकू लागले. १७९३ मध्ये सुरतेकडून दुष्काळामुळे आलेल्या गरिबांना काम द्यायचे म्हणून, लोकवर्गणीच्या पैशातून, मेजर जनरल बेलासिस यांच्या देखरेखीखाली भायखळ्याजवळून रस्ता बांधण्यात आला. तोच बेलासिस रोड. साहेबांच्या शर्यतींच्या इतिहासात या पोटासाठी राबलेल्या माणसांचा उल्लेख सहसा येत नाही. पण गाड्या मैदानापर्यंत पोचल्या त्या त्यांनी टाकलेल्या भरावावरून.

१८०२ मध्ये बॉम्बे टर्फ क्लब स्थापन झाला. १८३३ मध्ये मैदानालगत भायखळा क्लब उघडला आणि शर्यतींना घरच मिळाले. या क्लबात हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. सॅम्युअल शेपर्ड यांनी १९१६ मध्ये त्याचा इतिहास लिहिला. खवय्यांच्या जगात मात्र क्लबाची आठवण राहिली ती ‘भायखळा सूफ्ले’ या गोड पदार्थामुळे.

मैदानावरचे चित्र क्लबातल्यापेक्षा वेगळे होते. धावणारे बरेचसे घोडे अरबी आणि ते आणणारे सौदागरही अरबी. पावसाळा सरून दर्या खुला झाला की इराणी आखातातून घोडे लादलेली गलबते मुंबईला लागत. भेंडीबाजारापासून भायखळ्यापर्यंतच्या पट्ट्यात या सौदागरांचे तबेले होते. पलटणींचे अंमलदार, संस्थानिक आणि शर्यतीचे शौकीन तिथे घोडे पारखायला येत. सैन्याच्या रिसाल्यांनाही घोडे लागत, त्यामुळे शर्यत हा या व्यापाराचा एक कोपरा होता. पण जनावराचे नाव आणि भाव वाढायचा तो मैदान मारल्यावर. अरबी घोडा अंगाने लहान, बहुधा चौदा-पंधरा हातांच्या आसपास, म्हणजे जमिनीपासून खांद्यापर्यंत छप्पन्न ते साठ इंच. म्हणून काही शर्यतींत उंचीच्या हिशेबाने पाठीवरचे वजन ठरे: उंच घोड्याला जास्त, बुटक्याला कमी. मोजणीच्या वेळी घोडा इंचभर खाली दिसला तर मालकाचा फायदाच, तेव्हा तिथे काय काय युक्त्या चालत असतील याची कल्पना करता येते. पुढे ऑस्ट्रेलियातून थोराड वेलर घोडे येऊ लागले आणि अरबांची मक्तेदारी सैल झाली.

इराणातून येऊन मुंबईत स्थायिक झालेले पहिले आगाखान हसन अली शाह हे या मैदानाचे मोठे आश्रयदाते. १८८१ मध्ये ते वारले. माझगावचा हसनाबाद हा त्यांचा मकबरा जुन्या मैदानापासून फार लांब नाही. घोड्यांचा हा नाद त्यांच्या घराण्यात पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

मैदान गेले ते शहर वाढल्यामुळे. १८५३ मध्ये रेल्वे भायखळ्यावरून धावू लागली. त्याच दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पाठोपाठ गिरण्यांची रांग लागली. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. कापसाची तेजी ओसरल्यावर, १८७२ मध्ये, ती ६,४४,४०५ वर आली. पण भायखळा एव्हाना गावाबाहेर राहिला नव्हता. धुराडी, चाळी आणि बाजार यांच्या मधोमध घोडे पळवायला लागणारी जागा अडवून ठेवणे परवडणारे नव्हते. शर्यती मग आणखी पश्चिमेला, हॉर्नबीच्या बांधाआडच्या सखल भागात गेल्या. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे रेसकोर्स तयार झाले. नव्या मैदानाची जमीनही जुन्यासारखीच, समुद्र मागे हटवल्यावर हाती आलेली.

भायखळ्याची मोकळी जागा पुढे झपाट्याने भरली. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आग्रीपाडा आणि नागपाडा येथे आपल्या सुरुवातीच्या योजना राबवल्या आणि १९३० मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशन सुरू झाले. क्लबही गेला. त्याचे नाव क्लब बॅक रोडमध्ये उरले. शर्यतींच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

महालक्ष्मीचे २११ एकरांचे मैदान टर्फ क्लबाकडे भाडेपट्ट्याने होते आणि तो पट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ च्या करारानुसार १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे गेले आणि ९१ एकर क्लबाकडे राहिले. शर्यती अजून तिथेच होतात.