उष्णतेची साक्ष

स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षू आणि कर्ण हा इंद्रियांचा क्रम आपण पाठशाळेत मुखोद्गत केलेला असतो. त्यात स्पर्शन पहिले. कारण ज्याला दुसरे कोणतेही इंद्रिय नाही अशा एकेंद्रिय जीवालाही ते असतेच. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराचेही पहिले इंद्रिय स्पर्शनच होय. मी हे काम शिकलो तेव्हा संच काचेच्या जाड नळीचे होते. संच थोडा वेळ चालू ठेवावयाचा, प्लग काढावयाचा आणि आतल्या भागांवरून अलगद बोट फिरवावयाचे. जो भाग वाजवीपेक्षा अधिक तापलेला असेल तेथे तपासणी सुरू. जळक्या रेझिस्टरचा वास घ्राणाला कळे, ई.एच.टी.ची चरचर कानाला कळे. बोटांवर फोड येत, कधी झटकाही बसे. प्लग काढल्यावरही सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टपर्यंत वीज साठून राहते. म्हणून वाचकांनी घरी हा प्रयोग करू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

आजच्या एल.ई.डी. संचाच्या बोर्डावर मात्र हे इंद्रिय अपुरे पडते. तिळाच्या निम्म्या आकाराचे कपॅसिटर तेथे दाटीने बसवलेले असतात. बोटाखाली एका वेळी आठ-दहा येतात. त्यातला कोणता तापला हे बोट कसे सांगणार? काही कारागीर बोर्डावर स्पिरिट लावून ते प्रथम कोठे उडते हे पाहत. ती युक्ती आजही चालते. पण आता तिच्या जोडीला उष्णता पाहणारा कॅमेरा, म्हणजे थर्मल कॅमेरा, आला आहे. मोबाइलला जोडता येईल इतका तो लहान असतो आणि आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावच्या दुकानालाही तो परवडू लागला आहे.

त्याचे मूळ मात्र जुने आहे. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, पारा अधिक चढला. युरेनस ग्रह शोधणाऱ्या या माणसाला घरातल्या घरात न दिसणारा प्रकाश सापडला. तोच अवरक्त प्रकाश. आपल्या डोळ्यांना साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो; हा कॅमेरा ८ ते १४ मायक्रोमीटरचा पाहतो. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार असे किरण सोडीत असते. माझ्याकडील कॅमेऱ्याच्या पटलावर आडवे २५६ आणि उभे १९२ असे एकूण ४९,१५२ सूक्ष्म बिंदू आहेत, म्हणजे एका वेळी बोर्डाला लावलेली तितकी बोटेच म्हणावयाची. आणि त्यांना फोड येत नाहीत.

गेल्या वर्षी आषाढीच्या चार-पाच दिवस आधी नारायणगडाच्या परिसरातील एका गावाहून एक गृहस्थ चादरीत गुंडाळलेला बत्तीस इंची संच घेऊन आले. नारायणगड ही आमच्या भागाची धाकटी पंढरी. ज्यांना पंढरपुरास जाणे जमत नाही ते आषाढीला गडावर नगद नारायण महाराजांच्या दर्शनास जातात. या गृहस्थांच्या आईला आता गडही चढवत नव्हता. एकादशीच्या पहाटे पंढरपूरची महापूजा टीव्हीवर पाहणे एवढेच तिला उरले होते. घर ऊसतोडीचे. दसरा-दिवाळीनंतर सारे कारखान्यावर जातात आणि पाच-सहा महिने म्हातारी एकटीच घरी असते. त्या दिवसांत घरात माणसाचा आवाज म्हणजे तो टीव्हीच.

“शेठ, खरं सांगा. एका ठिकाणी दाखवला, ते म्हणाले पॅनल गेलं, नवाच घ्या. उचल घेऊन नवा आणावा म्हणतो, पण एकदा तुम्ही बघा.”

उचल या शब्दाने मी थबकलो. उचल म्हणजे पुढच्या हंगामाच्या मजुरीवर मुकादमाकडून आगाऊ घेतलेला पैसा. तो कोयत्याने फेडावा लागतो. म्हातारीच्या महापूजेसाठी मुलाने आणि सुनेने आणखी किती मोळ्या बांधावयाच्या, हे त्या संचाच्या आत काय बिघडले आहे यावर अवलंबून होते.

लाल दिवा लुकलुकत होता, संच सुरू होत नव्हता. सप्लायची तार मेन बोर्डातून काढली की बारा व्होल्ट व्यवस्थित मिळत. जोडली की शून्य. मल्टिमीटरने त्या मार्गाचा रोध ०.३ ओहम दाखवला, म्हणजे मार्ग शॉर्ट होता. येथवर कोणताही कारागीर पोचतो. अडचण यापुढे असते. त्या एका मार्गावर वीस-एक कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडलेले. त्यातला एक आतून फुटला तरी मल्टिमीटरला सारेच शॉर्ट दिसतात. मग ‘बोर्ड गेला’ असे सांगून मोकळे होणे सोपे.

मी बोर्ड संचातून काढून टेबलावर घेतला. टेबलावरच्या डी.सी. सप्लायवर एक व्होल्ट आणि दोन अँपिअर ही मर्यादा बांधली आणि तेवढीच वीज त्या शॉर्ट मार्गात सोडली. मार्गाच्या मूळ बारा व्होल्टांपुढे हा दाब इतका अल्प की चांगल्या भागांना त्याची बाधा होत नाही. वीज मात्र जेथे वाट मोकळी आहे तेथूनच धावते. दोन अँपिअरचा वर्ग गुणिले ०.३ ओहम, म्हणजे सव्वा वॅटच्या आत-बाहेर उष्णता. खोलीत ती कोणाला जाणवणारही नाही, पण तिळाच्या निम्म्या आकाराच्या वस्तूला ती पुष्कळ झाली. कॅमेऱ्यात निळसर बोर्डाच्या एका कोपऱ्यात पिवळा ठिपका उमटला आणि पाहता पाहता पांढरा झाला. तो एकच कपॅसिटर काढला. शॉर्ट नाहीसा झाला. तसाच नवा बसवला. त्याची किंमत एका चहाहून कमी. त्या गृहस्थांनी मोबाइलवरचे ते चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, “एवढ्याशा ठिपक्यानं सगळं बंद पडतं?”

हा प्रसंग वाचून कोणी म्हणेल की आता कॅमेरा दाखवील तो भाग बदलला की झाले. येथेच खरा धोका आहे, आणि मला सांगावयाचे आहे ते हेच. कॅमेरा उष्णता दाखवतो, दोष दाखवत नाही. कित्येक बोर्डांवर एखादी रेग्युलेटर आय.सी. भट्टीसारखी तापलेली दिसते. ती बदलली तर नवीही तापते. कारण बिघाड तिच्या पुढच्या चिपमध्ये असतो आणि ही बिचारी त्याचा भार वाहत असते. तापलेला तो दोषी, असा निवाडा दिला तर निरपराधाला शिक्षा होते आणि ग्राहकाचे पैसे जातात. उलट बॅकलाइटच्या एल.ई.डी. एकामागे एक जोडलेल्या असतात. एक तुटली की संपूर्ण माळेतून वीजच वाहत नाही. तेथे दोष आहे आणि उष्णता मुळीच नाही. जे गरम असावयास हवे ते गार आहे, हीच तेथली खूण.

शिवाय चकचकीत धातू या कॅमेऱ्याला फसवतो. घासलेले अॅल्युमिनियम कितीही तापले तरी स्वतःचे किरण फार थोडे सोडते आणि आरशाप्रमाणे समोरच्याचे परत पाठवते. हीटसिंकवर उबदार ठिपका दिसतो तो पुष्कळदा वाकून पाहणाऱ्याचाच चेहरा असतो. त्यावर काळ्या टेपचा लहान तुकडा चिकटवला की खरे तापमान कळते. मे महिन्यात आमच्याकडे टेबलच चाळीस अंशांना टेकते. तेव्हा सारे चित्र एकाच रंगाचे होऊन जाते आणि नाजूक काम पहाटे करावे लागते. आपल्या शास्त्रकारांनी वस्तूच्या एका अंगाच्या ज्ञानाला नय म्हटले, आणि तेच अंग म्हणजे पूर्ण वस्तू असा आग्रह धरला की त्याला दुर्नय म्हटले. कॅमेऱ्याचे चित्र हा एक नय आहे. मल्टिमीटर दुसरा, बोर्डाचा नकाशा तिसरा, आणि “पाऊस सुरू झाला आणि त्याच रात्री बंद पडला” हे ग्राहकाचे बोलणे चौथा. हा चौथा नय ऐकून घेण्यास वेळ लागतो म्हणून तो बहुधा सोडून दिला जातो.

आणखी एक गोष्ट या कॅमेऱ्याला दिसत नाही, ती म्हणजे जीव. एकादशीनंतर तीन दिवसांनी, आषाढ शुद्ध चतुर्दशीला, आपला चातुर्मास सुरू होतो. याच दिवसांत बंद संचांच्या उबेला मुंग्या, झुरळे, पाली आश्रयाला येतात. त्यांचे शरीर सभोवारच्या हवेइतकेच थंड वा गरम असते. म्हणून अवरक्त चित्रात ते बोर्डाशी एकरूप होतात. साधूंसाठी सांगितलेली आदाननिक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून-पुसून घेणे, गृहस्थाच्या कामाच्या टेबलावरही पाळता येते. मागचे झाकण काढल्यावर माझ्याकडे प्रथम बॅटरीचा उजेड आणि मऊ ब्रश येतो. वीज आणि कॅमेरा त्यानंतर. शिकाऊ मुलांना हे विलंबाचे वाटते.

प्रत्येक संच वाचतो असेही नाही. दिवाळीच्या सुमारास तसाच एक आला. येथेही बारा व्होल्टांचा मार्ग दबलेला, टी-कॉन बोर्डावरची आय.सी. कॅमेऱ्यात लालबुंद. पॅनलकडे जाणारी पट्टी काढली. काही क्षणांत आय.सी. निवली. पट्टी परत लावली की पुन्हा लाल. म्हणजे दोष पॅनलच्या काचेत होता, आणि या खेपेस ‘पॅनल गेले’ हेच सत्य होते. पॅनलची किंमत जवळजवळ नव्या संचाइतकी. मी दोन्ही चित्रे, पट्टी लावलेले आणि काढलेले, संचाच्या मालकासमोर धरली. त्याने ती पाहिली, घासाघीस केली नाही, रागावलाही नाही. संच घरी नेऊन काय करणार म्हणून तो माझ्याकडेच ठेवून गेला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्हीही येतो. काच आणि मोडके भाग मी अधिकृत संकलनासाठी वेगळे ठेवले. त्याचा सप्लाय बोर्ड उत्तम होता. तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका संचात बसवला; तो संच सध्या पाटोद्याकडच्या एका वस्तीवर चालू आहे.