‘होईल’ या शब्दामागे

आपल्या अनेक घरांतील मुले-मुली आज पुणे-बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत. त्यांच्या बोलण्यात ‘अजाइल’ हा शब्द वारंवार येतो. ही कार्यपद्धती कंपन्या खरोखर पाळतात का, हा प्रश्न व्यापारी घराण्यांनाही जवळचा वाटावा.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ संगणकतज्ज्ञांनी चार मूल्यांचा एक छोटासा जाहीरनामा सिद्ध केला. थोडे काम करावे, ग्राहकाला दाखवावे, त्याचे ऐकून पुढचे ठरवावे. आखलेल्या योजनेपेक्षा बदलाला अधिक मान द्यावा, हे त्याचे सार.

आमच्या केनवडच्या दुकानदाराला यात नवल वाटणार नाही. पाऊस लांबला, की तो सोयाबीनच्या बियाण्याची पुढची मागणी थांबवतो. पैसा त्याचा, गिऱ्हाईक समोर आणि निर्णयही त्याचाच.

माझी पुतणी पुण्यातील एका कंपनीत आहे. तेथे रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्याने बैठक होते, दर दोन आठवड्यांनी आढावाही होतो. परंतु किती काम, किती किमतीत, कोणत्या तारखेला, हे करारात आधीच बांधलेले असते. ग्राहकालाही खर्चाची हमी हवी असते, हे खरे. तथापि एकदा ग्राहकाच्याच माणसांनी एक भाग नको म्हटले, तरी करारात होता म्हणून तो पूर्ण करावा लागला. “काका, आता बैठकीत मी फक्त ‘होईल’ एवढेच म्हणते,” ती म्हणाली. ते ऐकून मन खिन्न झाले. खरे सांगून काहीच बदलत नाही असे ज्याला उमगते, तो हळूहळू खरे सांगणेच सोडतो.

जाहीरनाम्याच्या कर्त्यांपैकी डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये ‘अजाइल मेले आहे’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. मूल्ये मागे पडून शब्दाचाच बाजार झाला, ही त्यांची खंत होती.

म्हणून बैठका मोजून कंपनीची परीक्षा होणार नाही. गेल्या सहा महिन्यांत ग्राहकाच्या वा कनिष्ठ सहकाऱ्याच्या सांगण्यावरून ठरलेले कोणते काम वगळले, हे विचारावे. एक जरी उदाहरण मिळाले, तरी पद्धतीत प्राण आहे असे समजावे. हाच प्रश्न आपल्या पेढीलाही लागू आहे. मुनीमजींनी “हा माल यंदा नको” म्हटल्यावर आपण मागणी खरोखर बदलतो, की नुसती मान डोलावतो?