औंढा नागनाथ आणि नामधारी राजा

गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब औंढा नागनाथास गेलों होतों. देऊळ यादवकालीन, हेमाडपंती धाटणीचें. वरचा पांढरा भाग मागाहूनचा. ज्योतिर्लिंग तळघरांत असल्यामुळें अरुंद वाटेनें वांकून उतरावें लागतें. नामदेवरायांच्या कीर्तनासाठीं हें देऊळ फिरलें, ही कथा वाचकांस ठाऊक आहेच. नंदी अजूनहि देवळाच्या मागील बाजूस आहे.

दर्शन आटोपून ओवरींत टेकल्यावर आमचे वडील काका म्हणाले, "आमच्या लहानपणीं येथें निजामाचें राज्य होतें." त्यावर धाकट्या चिरंजीवांनीं विचारिलें, "मग राज्य गेल्यावर राजा कोठें गेला?"

प्रश्न मार्मिक होता. राजा कोठेंच गेला नाहीं! सप्टेंबर १९४८ मध्यें पोलिस कारवाई होऊन निजामाची सत्ता संपली. तथापि २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मीर उस्मान अलीखान हेच हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. १९११ पासून ज्यांचें फर्मान हाच कायदा, त्यांस आतां मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें सही करावयाची होती. आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर तें मंत्रिमंडळ बी. रामकृष्णराव यांचें, म्हणजे लोकांनीं निवडलेल्यांचें होतें.

वॉल्टर बॅजट या इंग्रज ग्रंथकारानें १८६७ सालीं अशा राजाचे तीन हक्क सांगितले: मंत्र्यांनीं त्याचा विचार घ्यावा, त्यानें त्यांस उत्तेजन द्यावें आणि प्रसंगीं इशारा द्यावा. ब्रिटनचा राजा आजहि पंतप्रधानांस प्रायः दर आठवड्यास भेटतो. बोलणें मात्र बाहेर फुटत नाहीं. परंतु हे हक्क फळास येण्यास पाठीशीं लोकांचा विश्वास लागतो. इंग्लंडांत राजसत्ता शतकानुशतकें हळूहळू ओसरली. येथें ती पांच दिवसांत गेली, आणि रझाकारांचा काळ लोक विसरले नव्हते. म्हणून येथें पद राहिलें, वजन राहिलें नाहीं, असें आम्हांस वाटतें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. राजप्रमुखपदहि तेव्हांच संपलें.

काका हें सारें ऐकत होते. गेल्या दसऱ्यास त्यांनीं घरच्या किल्ल्या धाकट्यांच्या स्वाधीन केल्या; तेव्हांपासून गांवची जमीन विकावी कीं नाहीं, हा वाद घरांत चालू आहे. परततांना ते एवढेंच म्हणाले, "विकूं नये असें मला वाटतें, पण सही तुमची." पुन्हां त्यांनीं तो विषय काढला नाहीं.

जमीन अद्याप विकलेली नाहीं.