अंगठीवांचून शाकुंतल

आमच्या नाशिकरोडला ओळख छापणारें गांव म्हणावयास हरकत नाहीं. १९२५ सालीं स्थापन झालेल्या आणि सर्वांच्या तोंडीं नुसतें ‘प्रेस’ असलेल्या येथील सरकारी मुद्रणालयांत मुद्रांकांबरोबर देशाचे पासपोर्टहि छापले जातात. मनुष्य कोण, कोणाचा, कोठला, हें त्या चिमुकल्या पुस्तिकेंत नमूद झालें कीं परक्या देशाच्या वेशीवरहि त्याची खात्री पटते. परंतु पुस्तिकेंतील चेहरा आपलाच, हें खुद्द धारकाला उमगेनासें झालें तर? आणि त्याच्यावर प्रेम करणारांनीं मग कोणावर प्रेम करावें? स्मृतिभ्रंशाच्या कथा-कादंबऱ्या वाचतांना आम्हांला हाच प्रश्न पुनः पुन्हां छळतो.

हा रोग केवळ म्हातारपणाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो प्रथम वर्णिला गेला तो भर संसारांतील एका स्त्रीच्या ठायीं. आगुस्टे डेटर ही १९०१ सालीं फ्रँकफुर्टच्या रुग्णालयांत दाखल झाली, तेव्हां तिचें वय अवघें ५१ होतें. पतीविषयींचा अनिवार मत्सर हें तिचें आरंभींचें एक लक्षण. पतीचें नांव काय, असें डॉ. आलोइस आल्झायमर यांनीं विचारलें, तेव्हां तिनें स्वतःचेंच नांव सांगितलें. ती १९०६ सालीं वारली. १९१० पासून रोगाला त्या डॉक्टरांचें नांव मिळालें. वैद्य त्या उत्तराला लक्षण म्हणेल, आणि तें योग्यच आहे. कथालेखक मात्र तेथें थबकेल. पति आणि आपण ह्या दोहोंना तिच्यापाशीं एकच नांव उरलें होतें. मग हरवलें होतें तें कोण?

लिसा जिनोव्हा यांच्या ‘स्टिल ॲलिस’ (२००७) ह्या कादंबरीची नायिका ५० वर्षांची प्राध्यापिका आहे. ‘तन्मात्र’ (२००५) ह्या मल्याळी चित्रपटाचा नायक सरकारी नोकरींतला, मध्यम वयाचा गृहस्थ. आमच्या वयाच्या व पेशाच्या माणसाला ह्या कथांकडे त्रयस्थपणें पाहतां येत नाहीं.

विस्मृतीची आणि प्रीतीची कथा आपल्याकडे नवी नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं ‘शाकुंतल’ संगीत रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून दुष्यंताची अंगठी मराठी घरांत ठाऊक आहे. अंगठी दिसली कीं स्मृति परतते, आणि स्मृतीबरोबर प्रीतीहि. पण कालिदास याहून खोल गेला आहे. पांचव्या अंकाच्या आरंभीं, शकुंतला पुढें येण्यापूर्वींच, हंसपदिकेचें गीत ऐकून राजा अकारण अस्वस्थ होतो. आठवण कोणाची, हें ठाऊक नाहीं. हुरहूर मात्र खरी आहे. स्मृति गेली तरी प्रीति मागें राहत असेल, ही शंका कवीनें तेथें पेरून ठेविली आहे.

आजच्या कथेंत अंगठी सांपडत नाहीं. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) ह्या चित्रपटांतील चक्रपाणि शास्त्री हे संस्कृतचे पंडित. हत्तीच्या मागें जातां जातां ते हरवतात आणि माहुताच्या कानडी बोलणाऱ्या बायकोला ‘आई’ म्हणूं लागतात. मुलगी इरा आपला विद्वान बाप शोधते आहे; चन्नम्माला तो पंडित कधीं ठाऊकच नव्हता. तिच्यापुढें एक भुकेलें लेकरूं आहे, एवढेंच ती जाणते. एकीचें प्रेम जो होता त्याच्यावर, दुसरीचें जो आहे त्याच्यावर. चन्नम्माच्या भूमिकेबद्दल अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच; परंतु आमचें मन इरेपाशींच घुटमळतें. चन्नम्माला गमावण्यासारखें कांहीं नव्हतें.

आमच्या शेजारीं प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. नोटांतील दोष हुडकण्यांत त्यांची हयात गेली. त्यांच्या पत्नीला पन्नाशींतच ह्या रोगानें गांठलें. रोज दिवेलागणीला ती त्यांना म्हणते, ‘‘हे अजून आले नाहींत. तुम्ही बसा, चहा घ्या.’’ प्रथम ते लग्नांतला फोटो आणून दाखवीत; ती घाबरून रडे. आतां ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात व म्हणतात, ‘‘येतील इतक्यांत.’’ तुम्हांला हें जड जात नाहीं का, असें आम्हीं एकदां विचारलें. ते म्हणाले, ‘‘जातें तर! पण सर, ती वाट माझीच पाहते ना?’’

ह्या उत्तरावर, प्रेमानें सर्व कांहीं जिंकिलें, असा शेवट करण्याचा मोह आम्ही टाळतों. कारण पुढें ते हेंहि म्हणाले, कीं लग्नाच्या दिवशीं आपले हात कसे थरथरत होते, हें जाणणारी एकटी तीच; आतां तें आपल्यालाच खरें वाटेनासें झालें आहे. मनुष्याची निम्मी ओळख त्याच्या जिवलगाच्या स्मरणांत ठेव म्हणून असते. ती बुडाली कीं दोघेंहि नागवतात, आणि दुसऱ्याच्या दुखण्याला नांवसुद्धां नसतें. कथेनें हा दुसराहि रोगी दाखवावा, एवढीच आमची अपेक्षा. तूर्त आमच्या शेजाऱ्यांपुढें येणाऱ्या चहांत साखर अजून त्यांच्या आवडीइतकीच असते. पाहुण्याला विचारावी, तशी ती माउली त्यांना विचारीत नाहीं.