वर्सोवा : चित्रातला किनारा आणि खरा किनारा

घाटकोपरहून मेट्रोने पश्चिमेकडे निघावे. २०१४ पासून धावणारी ही गाडी अंधेरी ओलांडून वर्सोव्याला पोहोचते. तेथून रिक्षाने थोड्याच वेळात समुद्रकिनारा येतो.

सायंकाळी येथे विवाहापूर्वीची छायाचित्रे काढून घेण्यासाठी जोडपी येतात. मावळता सूर्य पाठीशी असला की चेहरे काळवंडतात. मग छायाचित्रकार चंदेरी रिफ्लेक्टर धरून उजेड चेहऱ्यांवर वळवतो. पुढचे काम संगणकावर. वधूच्या गालावरची पुटकुळी क्षणात पुसली जाते. लग्नातल्या आजीच्या सुरकुत्या मात्र जाणता छायाचित्रकार पुसत नाही. त्या गेल्या तर आजीच हरवते.

समुद्राचे छायाचित्र याहून अवघड. एकेकाळी या वाळूवर प्लास्टिकचा थर साचला होता. चित्रातून तो वगळणे सोपे होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांच्या वृद्ध शेजाऱ्यांनी तो हातांनी उचलण्यास प्रारंभ केला. पुढे शेकडो स्वयंसेवक आले. मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिले याच वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली.

तरीही प्रत्येक पावसाळ्यात लाटा नवा कचरा आणून टाकतात. चित्रातला कचरा एकदाच पुसावा लागतो. किनाऱ्यावरचा पुन्हा पुन्हा.